गनमेटल बुशला लेझरने डिंपल मारून घ्यावेत का? तेलाच्या फिल्मला फायदा होतो की उलट तोटा?

खटपट्या

नमस्कार मंडळी, पशुखाद्याच्या प्लांटला मेंटेनन्स बघतो. आमच्या मिक्सरला एक इंटरमीडिएट शाफ्ट आहे, ६० एमएम, ३०० आरपीएम, एका टोकाला मोटरकडून येणाऱ्या पट्ट्याची पुली आणि दुसऱ्या टोकाला बेव्हल पिनियन. दोन्हीकडे जुन्या पद्धतीचे ओतीव पेडेस्टल, आत गनमेटलचं (तांबं-कथलाचा मिश्रधातू) बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती बाही, लांबी ६०, रिंग ऑइलिंग. म्हणजे शाफ्टवर सैल रिंग लटकते, ती खालच्या तेलात बुडून फिरता फिरता तेल वर आणते तोच प्रकार. तेल ६८ नंबरचं. नवीन बुशला क्लिअरन्स (शाफ्ट आणि बुशमधली मोकळी जागा) डायमीटरवर ०.०८ एमएम ठेवतो, लोड एका बेअरिंगला साधारण ५०० किलो धरा. बाहेरून टेंपरेचर बघितलं तर ५० च्या आसपास.

त्रास असा की बुश पाच-सहा महिन्यांत ढिलं होतं आणि पिनियनच्या बाजूचा थ्रस्ट वॉशर (शाफ्टचा लांबीच्या दिशेचा रेटा घेणारा, तोही गनमेटलच, सपाट) तापतो आणि त्याला रेघा पडतात. मिक्सर दर बॅचला थांबतो आणि परत सुरू होतो त्यामुळे दिवसभर चालू-बंद चालू-बंद असतंच.

आता एक लेझरवाला वेंडर आलाय. म्हणतो बुशच्या आतल्या पूर्ण गोलाईला आणि वॉशरला बारीक डिंपल मारून देतो, १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग) व्यासाचे आणि ८-१० मायक्रॉन खोल, एकूण २० टक्के एरिया, त्यात तेल साठेल, घर्षण कमी होईल, आयुष्य दुप्पट. साहेबांना आयडिया भलतीच आवडलीय. मला मात्र कळत नाहीये की आयुष्यभर आपण बुश रीमर मारून गुळगुळीत करायचं शिकलो आणि आता हा माणूस पैसे घेऊन त्यात खड्डे पाडणार. खड्ड्याने तेलाची फिल्म, म्हणजे शाफ्ट आणि बुशमधला तेलाचा पातळ थर, नक्की कशी सुधारते? आणि आमच्या केसमध्ये सुधारेल का? कोटेशन बऱ्यापैकी जड आहे म्हणून विचारतोय.

---

बेडस्क्रेपर

खड्ड्यात तेल साठतं हे खोटं नाहीये हो, आम्ही लेथचे आणि मिलिंगचे बेड हाताने स्क्रेपर मारून बसवायचो त्यात दुसरं काय होतं. सरफेस प्लेटला ब्लू (निळा रंग) लावायचा, जॉबवर घासायचा, जिथे ब्लू लागेल ते उंच टोक म्हणून तेवढंच खरवडायचं, परत ब्लू, परत खरवड. शेवटी एका चौरस इंचात अमुक इतके ठिपके लागले पाहिजेत असं सुपरवायझर मोजायचा. ठिपक्यांच्या मधली जी जागा आहे ना ती काही मायक्रॉन खाली राहते आणि तिथे तेल थांबतं. ग्राइंडिंग करून आरशासारखा केलेला बेड दिसायला लई भारी पण सावकाश फीडला कॅरेज झटके घेत चालते, अडकते सुटते अडकते सुटते. दोन अगदी गुळगुळीत सपाट तुकडे एकमेकांवर सरकवले की तेल बाहेर ढकललं जातं आणि ते धरून बसतात, स्लिप गेज कसे चिकटतात ते बघितलंच असेल.

इंजिनवाल्यांचंही तेच, लायनरला (सिलिंडरच्या आतल्या बाहीला) होनिंगच्या तिरक्या रेघा मुद्दाम ठेवतात. त्या रेघा जाऊन लायनर ग्लेझ (काचेसारखा गुळगुळीत) झाला की पिस्टनच्या रिंगांखाली तेल टिकत नाही आणि इंजिन तेल खायला लागतं.

पण एक सांगतो, बेड सपाट असतो आणि सावकाश चालतो. तुमचा शाफ्ट गोल आहे आणि ३०० नी फिरतोय. व्हाइट मेटलच्या बुशलाही आम्ही ब्लू लावून स्क्रेपर मारायचो पण तो शाफ्ट नीट बसावा म्हणून, तेलाचे खड्डे करायला नाही. हा फरक वेंडरला माहीत आहे का विचारा.

---

पाना_पक्कड

६० चा शाफ्ट ३०० आरपीएम आणि अर्धा टन लोड... यूसीपी (तयार बॉल बेअरिंगवालं) पेडेस्टल बेअरिंग टाका, ग्रीस मारा, विषय संपला. लेझर बिझर कशाला 😄

---

खटपट्या

@पाना_पक्कड ते सुचवून झालंय भाऊ. पेडेस्टलची सेंटर हाइट वेगळी आहे, खाली पॅकिंग घालून परत अलाइनमेंट, शिवाय बेव्हलचा थ्रस्ट घ्यायची वेगळी सोय. होईलही कधीतरी. सध्या प्रश्न या बुशचा आहे.

@बेडस्क्रेपर काका, हेच डोक्यात होतं पण शब्दात येत नव्हतं. सपाट आणि गोल यात नक्की फरक काय पडतो?

---

फिल्म_थिकनेस

ट्रायबॉलॉजीत (घर्षण, झीज आणि वंगणाचं शास्त्र) काम करतो म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर मधलं सोडून द्या.

शाफ्ट बुशमध्ये बरोबर मध्यावर फिरत नाही, लोडमुळे एका बाजूला सरकतो. त्यामुळे एका बाजूने जागा निमुळती होत जाते, पाचरीसारखी. तेल शाफ्टला चिकटून त्या निमुळत्या जागेत ओढलं जातं, पुढे जायला जागा कमी, म्हणून दाब वाढतो आणि तोच दाब शाफ्टला उचलून धरतो. बाहेरून पंपाने दाब द्यावा लागत नाही. १८८३ च्या सुमाराला इंग्लंडमध्ये बोशां टॉवर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता, त्याने बेअरिंगच्या माथ्यावरच्या तेलाच्या भोकाला बूच मारलं तर ते बूच आतल्या दाबाने बाहेर यायला लागलं, तेव्हा लोकांना कळलं की आत एवढा दाब असतो. त्यावरूनच ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये समीकरण मांडलं, ते आजही आम्ही रोज वापरतो. टॉवरचं ते भोक लक्षात असू द्या.

आता तुमचे आकडे. ६८ नंबरचं तेल ५० डिग्रीला घेतलं, रेडियल क्लिअरन्स ०.०४ (तुमच्या ०.०८ चं निम्मं), लोड ५०० किलो, लांबी आणि व्यास सारखेच. रायमोंडी आणि बॉइड यांची बेअरिंगच्या हिशोबाची १९५८ ची टेबलं आहेत, त्यात घातलं की शाफ्ट आणि बुशमधलं कमीत कमी अंतर साधारण ११ मायक्रॉन येतं. बुशचा फिनिश आरए (सरासरी खडबडीतपणा, मायक्रॉनमध्ये) ०.८ आणि शाफ्टचा ०.४ धरला तर दोन्हीचा मिळून खडबडीतपणा सव्वा-एक मायक्रॉनच्या आतच. म्हणजे फिल्म खडबडीतपणाच्या दहापट जाड आहे. तिपटीच्या वर असली की धातूला धातू लागत नाही असं आपण मानतो. सरळ अर्थ असा की चालू असताना तुमचं बुश झिजायलाच नको. टेबलप्रमाणे साधारण ६० आरपीएमच्या खाली गेल्यावर फिल्म तिपटीच्या आत येते, म्हणजे झीज फक्त सुरू होताना आणि थांबताना काही क्षण. अर्थात तेल पुरेसं पोचतं आणि शाफ्ट वाकडा नाही हे धरून.

आता खड्डे. यात दोन वेगळ्या गोष्टी लोक एकत्र करतात. एक, फिल्म तुटलेली असताना, म्हणजे स्ट्रायबेकच्या १९०२ च्या कर्वमध्ये (वेगाप्रमाणे घर्षण कसं बदलतं त्याचा आलेख) डावीकडे, खड्डा तेलाचा साठा म्हणून काम करतो आणि झिजलेला कचरा गिळतो. हे काकांनी सांगितलंच. दुसरी गोष्ट जास्त गमतीची आहे. दोन पृष्ठभाग अगदी समांतर असतील तर पाचरच नाही, मग रेनॉल्ड्सच्या हिशोबाने दाब शून्य यायला पाहिजे. पण प्रत्यक्षात मेकॅनिकल सीलचे (फिरत्या शाफ्टभोवती गळती थांबवणाऱ्या, एकमेकांवर घासणाऱ्या दोन कड्यांचे) सपाट फेस तेलावर तरंगतात. १९६६ मध्ये हॅमिल्टन, वॉलोविट आणि ॲलन यांनी सीलच्या फेसवर मुद्दाम बारीक उंचवटे-खळगे ठेवून याचा उलगडा केला. एका खड्ड्याचा विचार करा, तेल खड्ड्यात शिरताना जागा वाढते म्हणून दाब कमी होतो आणि बाहेर पडताना जागा कमी होते म्हणून दाब वाढतो. एक उणे, एक अधिक, बेरीज शून्य. पण तेल फार ताण सहन करत नाही, उणे बाजूला त्यात बुडबुडे येतात, कॅव्हिटेशन होतं आणि दाब जवळपास हवेच्या दाबाला अडकतो. अधिक बाजूला मात्र वरची मर्यादा नाही. म्हणून बेरीज अधिक उरते आणि हजारो खड्डे मिळून फेस उचलतात.

यात एक मेख आहे बरं का. सील जर आधीच मोठ्या दाबाच्या द्रवात बुडालेलं असेल तर उणे बाजू हवेच्या दाबापर्यंत उतरतच नाही, कॅव्हिटेशन होत नाही आणि हा फायदा मरतो. १९९० च्या दशकात हैफाच्या टेक्नियनमध्ये इझाक एटसियन यांनी लेझरने डिंपल पाडायचं तंत्र सीलवर बसवलं, तिथून हा विषय उद्योगात आला. त्यांच्या कामातून निघालेली सगळ्यात कामाची गोष्ट माझ्या मते ही की पूर्ण फेसवर खड्डे पाडण्यापेक्षा तेल आत येतं त्या बाजूच्या भागातच पाडले आणि पुढचा भाग गुळगुळीत ठेवला तर खड्ड्यांचा पट्टा एकत्रितपणे एका उथळ पायरीसारखा वागतो, आणि त्याला कॅव्हिटेशनची गरजच उरत नाही.

तर गोल बुशमध्ये पाचर मुळातच आहे, दाब आपोआप तयार होतोय. तिथे जास्त दाबाच्या भागात ८-१० मायक्रॉन खोल खड्डे पाडले म्हणजे ११ मायक्रॉनच्या फिल्ममध्ये जागोजाग जाडी जवळजवळ दुप्पट केली. तेलाला बाजूने पळायला वाट मिळते, दाब उतरतो, शाफ्ट आणखी खाली बसतो. मिशेल फिलाँ आणि सहकाऱ्यांचा २०११ चा गणिती अभ्यास आहे, त्यात असंच निघालं की पूर्ण गोलाईला टेक्स्चर केलं तर नुकसान, आणि दाब उतरत जातो त्या भागात मर्यादित टेक्स्चर केलं तर थोडा फायदा होऊ शकतो. उलट बाजूही सांगतो. अमेरिकेत लुइझियानात लू आणि खोनसरी यांनी २००७ मध्ये डिंपल पाडलेल्या बुशवर प्रत्यक्ष टेस्ट घेतल्या आणि योग्य मापाचे डिंपल असतील तर घर्षण घटतं असं त्यांना दिसलं. पण त्यातच हेही आहे की खड्ड्याचं माप, खोली, तेल आणि लोड बदलला की निकाल बदलतो. तेव्हा "पूर्ण गोलाईला २० टक्के" हे असं छापील उत्तर जो देतो त्याने तुमचा लोड विचारला होता का?

---

खटपट्या

नाही विचारला. फक्त बुशचं ड्रॉइंग घेतलं आणि चौरस सेंटिमीटरचा भाव सांगितला.

पण सर तुमचा हिशोब बरोबर असेल तर आमचं बुश एवढं झिजायलाच नको. चालू-बंदची झीज एवढी होते का?

---

चरक_मास्तर

साखर कारखान्यात मिल हाउसला आहे. आमच्याकडे रोलर मिनिटाला चार-पाच फेरे मारतो, लोड प्रचंड, तिथे पूर्ण फिल्म बिल्म काही होत नाही, चिकट दाट तेल आणि वरून पाण्याचं कूलिंग, तरी ब्रास (आमच्याकडे बुशला म्हणतात) सीझनभर तग धरतात. त्यामुळे नुसत्या चालू-बंदनी सहा महिन्यांत बुश खलास होणं मला पटत नाही, तुमच्याकडे दुसरं काहीतरी आहे.

मला एकच सांगा, बुश झिजतंय कुठे? खालच्या बाजूला की वर? आणि पट्टा शाफ्टला कुठल्या दिशेने ओढतो?

विचारायचं कारण असं की आमच्या टॉप रोलरला हायड्रॉलिकने वरून दाबतात, ऊस रोलरला वर ढकलतो, म्हणजे जर्नल (शाफ्टचा बेअरिंगमधला भाग) वरच्या ब्रासवर टेकतं. नवीन पोरं दरवेळी शाफ्ट म्हटला की लोड खाली असं गृहीत धरतात आणि तेलाची खाच माथ्यावर मारायला निघतात. माथ्यावर खाच मारली की संपलं, दाब तिथेच असतो, तेल आत जायच्या ऐवजी बाहेर यायला बघतं.

आणि ते डिंपलचं म्हणाल तर आमच्या इथे आठ मायक्रॉनचा खड्डा एका शिफ्टमध्ये रस आणि भुशाने भरून गुळगुळीत होईल. तुमच्याकडे पण पशुखाद्याची धूळ, पेंडीचा भुगा उडत असणारच. सील कसं आहे पेडेस्टलला?

---

खटपट्या

सील म्हणजे फेल्टची रिंग आहे, ती जुनी झालीय. धूळ असतेच, खोटं कशाला बोलू.

आत्ता काढून ठेवलेलं जुनं बुश बघून आलो. मास्तर, झीज वरच आहे! वरच्या अर्ध्या भागात रिंगच्या खाचेच्या दोन्ही बाजूला चकचकीत पट्टे पडलेत, खालचा अर्धा भाग तर रीमरच्या खुणांसकट शाबूत. मोटर वरच्या गॅलरीवर आहे, पट्टा सरळ वर ओढतो. जुने ऑपरेटर म्हणतात आधी मोटर खाली जमिनीवर होती, मी यायच्या आधी कधीतरी जागा करायला म्हणून वर नेली. ५०० किलो म्हणालो तो म्हणजे पट्ट्याचा ताण वजा पुलीचं वजन असाच हिशोब होता, दिशेचा विचार कोणी केला नव्हता.

---

फिल्म_थिकनेस

मास्तरांनी एका प्रश्नात काम केलं, मी उगाच टेबलं उघडून बसलो होतो.

रिंग ऑइलिंगच्या बुशला माथ्यावर रिंगसाठी खाच कापलेली असते, रिंग शाफ्टवर वरूनच लटकते म्हणून ती वरच असणार. मोटर खाली होती तेव्हा लोड खालच्या सलग भागावर होता, वरची खाच बिनदाबाच्या जागी होती, तेल आरामात आत येत होतं. बरोबर डिझाइन. मोटर वर गेली आणि लोड नेमका खाचेवर आला. टॉवरच्या बेअरिंगचं माथ्यावरचं भोक म्हटलं होतं ते हेच.

खाच किती रुंद आहे सांगितलं नाही, १२ एमएम धरतो. मग ६० लांबीचं एक बेअरिंग उरत नाही, २४-२४ एमएमची दोन अरुंद बेअरिंग होतात, कारण मधल्या खाचेत दाब शून्य. बेअरिंग अरुंद असेल तर तेलाला बाजूने निसटायला अंतर कमी, म्हणून अरुंद बेअरिंगची ताकद लांबीच्या तिसऱ्या घाताने जाते. २४ चा घन दोनदा घेऊन ६० च्या घनाने भागा, आठवा हिस्सा येतो. ही ढोबळ रीत आहे आणि लांबी व्यासाइतकी असते तेव्हा फरक जरा फुगवून सांगते, म्हणून परत टेबलात घालून बघितलं. ११ मायक्रॉनची फिल्म साधारण ५ वर येते. आणि फिल्म तुटायचा वेग ६० आरपीएमवरून दीडशे-दोनशेच्या मध्ये जातो. म्हणजे प्रत्येक वेळी सुरू होताना आणि थांबताना अर्ध्याअधिक वेगापर्यंत धातू धातूला घासतोय.

आणि हे पाच सुद्धा तेल भरपूर मिळालं तर. मिळत नाहीये, कारण रिंग तेल आणून ओततेय नेमकं जिथे शाफ्ट बुशला चिकटलेला आहे तिथे. पाचरीच्या तोंडाशी तेल हवं आणि ते पडतंय पाचरीच्या टोकाशी. त्यात झीज झाली की क्लिअरन्स वाढतो, क्लिअरन्स वाढला की फिल्म आणखी पातळ, मग झीज आणखी वेगाने.

लेझरवाला या बुशच्या सगळ्या गोलाईला डिंपल मारून देणार म्हणजे जिथे आधीच एक मोठा खड्डा आहे तिथे आणखी हजारो छोटे. मोठी खाच काय आणि मायक्रॉनचा डिंपल काय, दाबाच्या जागी असेल तर दोघांचा गुन्हा एकच, फक्त प्रमाण वेगळं.

---

बेडस्क्रेपर

वा मास्तर! आमच्याकडे पण असंच एक खूळ होतं, कुठलंही बुश आलं की त्यात आठच्या आकाराची तेलाची ग्रूव्ह मारायची, का तर सगळीकडे तेल पसरतं म्हणून. ग्रीसच्या, सावकाश झुलणाऱ्या पिनेला ठीक आहे हो, तिथे फिल्म नसतेच आणि ग्रीस पसरवायला वाट लागते. पण फिरत्या शाफ्टला लोडच्या बाजूने ग्रूव्ह नेली की ते बुश लवकर जाणार. जिथे लोड नाही त्या बाजूलाच खाच, आणि ती पण दोन्ही टोकांना बंद, आरपार नाही, नाहीतर तेल टोकातून गळून जातं. आणि खाचेची कड गोल केलेली पाहिजे, धारदार ठेवली तर ती शाफ्टवरचं तेल पुसून काढते.

---

पाना_पक्कड

म्हणजे शेवटी मोटर खाली आणा, बरोबर ना? माझा यूसीपीवाला सल्ला तसा वाईट नव्हता, रोलिंग बेअरिंगला लोड वर आहे का खाली याने काही फरक पडत नाही.

---

खटपट्या

@पाना_पक्कड हो रे बाबा, तुझा पण पॉइंट मान्य 🙏

मोटर खाली आणणं सध्या अवघड आहे, तिथे आता बॅगिंगचा कन्व्हेयर बसलाय. रिंग तशीच ठेवून बुश १८० डिग्री फिरवून बसवलं तर? खाच खाली जाईल.

---

चरक_मास्तर

मग रिंग लटकणार कशावर? रिंगला शाफ्टच्या माथ्यावर टेकायला जागा लागते, खाच खाली नेली की रिंग बसतच नाही.

रिंग काढून टाका. सलग बुश बनवा, खाच नको. तेलाचं भोक आडव्या बाजूला घ्या, शाफ्ट फिरत फिरत ज्या बाजूने वर चढतो त्या बाजूला, म्हणजे तेल भोकातून निघून लोडकडे ओढलं जाईल. उलट्या बाजूला घेतलंत तर तेल लोडपासून लांब जाईल आणि अख्खा खालचा अर्धा फेरा मारून पोचेल. त्या भोकाशी लांबीत एक छोटी खाच, काका म्हणाले तशी टोकांना बंद. वर एक ड्रिप कप लावा काचेचा, थेंब दिसतात असा, नळी त्या भोकाला. भागत नसेल तर छोटा पंप. आणि फेल्ट आधी बदला, त्याला काही शे रुपये पण लागत नाहीत, ती धूळ तुमच्या बुशला लॅपिंग पेस्टसारखी खातेय.

---

फिल्म_थिकनेस

मास्तरांशी सहमत. भर एवढीच की मिक्सर सुरू करायच्या आधी ड्रिप अर्धा मिनिट चालू करायची सवय ऑपरेटरला लावा आणि बंद करताना शेवटी ड्रिप बंद. आणि पट्टा गरजेपेक्षा जास्त ताणलेला नाही ना ते एकदा बघून घ्या, ५०० किलोचे ४०० झाले तरी फिल्मला बराच फरक पडतो.

आता तुमच्या थ्रस्ट वॉशरकडे येतो, तो बिचारा मागेच राहिला. तिथे मात्र मी लेझरवाल्याला हाकलून देणार नाही. सपाट कॉलर (शाफ्टवरचा, वॉशरवर टेकणारा कडा), सपाट वॉशर, पाचर कुठेच नाही. तापतो आणि रेघा पडतात यात आश्चर्य नाही. लॉर्ड रॅलेने १९१८ मध्येच दाखवलं होतं की सपाट पॅडमध्ये सगळ्यात जास्त लोड घेणारा आकार म्हणजे एक साधी पायरी. तेल येतं त्या बाजूचा ७२ टक्के भाग खाली आणि उरलेला २८ टक्के वर, आणि खालच्या भागातली फिल्म वरच्यापेक्षा १.८७ पट जाड. तुमच्या इथे फिल्म दहा मायक्रॉनची धरली तर पायरी आठ-नऊ मायक्रॉनची. ही पायरी लेथवर किंवा मिलिंगवर काढणं जवळपास अशक्य, आणि लेझरला तेच सोपं जातं. मघाशी एटसियन यांचं अर्धवट टेक्स्चर म्हणालो ते हेच.

म्हणून वॉशरला आधी चार-सहा आरपार रेडियल खाचा पाडा, तेल आत यायला. दोन खाचांमधला प्रत्येक पॅड, त्यात शाफ्ट फिरायच्या दिशेने तेल ज्या बाजूने शिरतं तिकडच्या अर्ध्याहून जरा जास्त भागात डिंपल, पुढचा भाग कोरा. डिंपल बाहेरच्या आणि आतल्या कडेपर्यंत नेऊ नका, कडेला थोडी गुळगुळीत पट्टी सोडा म्हणजे तेल बाजूने पळणार नाही. मिक्सर एकाच दिशेने फिरतो ना? उलटसुलट फिरत असेल तर हे चालणार नाही, मग पूर्ण फेसवर सारखे डिंपल, फायदा कमी पण दोन्ही दिशांना.

---

खटपट्या

एकाच दिशेने फिरतो. पण डिंपल वॉशरला मारायचे की शाफ्टच्या कॉलरला? वेंडर म्हणतो कॉलर कडक आहे, तिथे मारले तर टिकतील.

---

फिल्म_थिकनेस

टिकतील हे खरं आहे. पण पायरीचा फायदा हवा असेल तर खाचा आणि डिंपल एकाच बाजूला हवेत, आणि खाचा थांबलेल्या वॉशरला पाडणं सोपं. दुसरं म्हणजे लेझरने खड्डा पाडला की वितळलेला धातू कडेला गोठतो, बर येते, काही मायक्रॉनची. नॅनोसेकंद लेझरला (झटका जास्त वेळ टिकतो) हमखास येते, फेम्टोसेकंदला (झटका अगदी क्षणिक) फार कमी पण तो महाग. कडक कॉलरवर ती बर राहिली तर मऊ गनमेटलवर कानस फिरवल्यासारखं होईल. वॉशर असो की कॉलर, लेझर झाल्यावर लॅपिंग (बारीक पेस्टने घासणं) करून बर काढून द्यायची असं पीओमध्येच (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) लिहा आणि माल आला की फेसवर नख फिरवून बघा, खरखर लागली तर परत पाठवा. खड्ड्याची खोली लॅपिंगनंतरची ठरवा, आधीची नाही, नाहीतर दहाचे घासून तीन उरतील आणि वेंडर म्हणेल मी तर दहाच मारले होते.

आणि आधी नुसत्या खाचांचा वॉशर लावून बघा, बिनडिंपलचा. त्यात तापणं थांबलं तर लेझरचे पैसे वाचले.

---

बेडस्क्रेपर

नुसत्या खाचा मारताना पण प्रत्येक खाचेची कड तिरकी घासा, तेल येतं त्या बाजूची जरा लांब तिरकी. आमच्याकडे फाइन एमरीवर हाताने करायचे, मायक्रॉन मोजायला काही नव्हतं तरी वॉशर थंड चालायचे.

---

खटपट्या

ठरलं मग, आधी फेल्ट, सलग बुश आणि ड्रिप कप, वॉशरला सहा खाचा. साहेबांना लेझरचं फक्त वॉशरपुरतं वेगळं कोटेशन मागतो आणि त्यात लॅपिंग धरूनच. मास्तर, ड्रिपचा वेग किती ठेवायचा, मिनिटाला किती थेंब?

---

चरक_मास्तर

आकडा नाही सांगत, तेल आणि कप बघून ठरतं. पहिले दोन-तीन दिवस सढळ सोडा, बुशच्या दोन्ही टोकांतून तेल ओलं दिसलं पाहिजे, हात लावून टेंपरेचर बघत राहा आणि मग हळूहळू कमी करत आणा. टोक कोरडं दिसलं की जरा मागे जा. खाली ट्रे ठेवा आणि त्यात पडलेलं तेल परत कपात ओतू नका, त्यात पेंड असणार.